पवनारला मिठाचा ठेका

पवनारहून कोणत्याही दिशेनं निघा, समुद्र साडेपाचशे किलोमीटरच्या आत भेटत नाही. मुंबईकडे गेलात तरी नाही आणि आंध्रच्या किनाऱ्याकडे गेलात तरी नाही. गावाला जे काही पाणी आहे ते धाम नदीचं, आणि तेही गोडं. त्यामुळे गावातल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याला मीठ वाहायचा तीन वर्षांचा ठेका मिळाल्याची बातमी नागपूर रस्त्यावरच्या पानठेल्यावर पोचली, तेव्हा खर्रा घोटणाऱ्याचा हात मध्येच थांबला.

"मिठाचा? आपल्या इथं?"

"हाव ना जी. तीन वर्साचा."

"समुद्र कोठी, आन् पवनार कोठी!"

"म्हणूनच तं ठेका भेटला. समुद्र इथं असता तं लोक पिशवी घेऊन गेले असते."

वाहतूक धंद्याचं सगळं शास्त्र या शेवटच्या वाक्यात आलं. माल एकीकडे, माणूस दुसरीकडे, मध्ये रस्ता, आणि त्या रस्त्यावर कोणाचं तरी पोट.

ज्यांना हा ठेका मिळाला त्यांना सगळं गाव भाऊ म्हणतं, म्हणून आपणही भाऊच म्हणू. ठेका मिळाला तरी भाऊंच्या चेहऱ्यावर म्हणावा तसा आनंद नव्हता. याला कारण आहे. ट्रकवाल्यांच्या जगात माणसाची प्रतिष्ठा त्याच्या बँकेतल्या शिलकेवर ठरत नाही, तो काय वाहतो त्यावर ठरते. सगळ्यांत वरचा मान पवनचक्कीचं पातं वाहणाऱ्याचा. त्याच्यासाठी रस्ता अडवतात, वरच्या तारा उचलून धरतात, चौकाचौकात पोरं मोबाइल काढून उभी असतात. त्याच्याखाली मशिनरीवाला, मग लोखंडवाला, सिमेंटवाला. संत्रावाल्याचा हंगामापुरता रुबाब. कोळसावाला काळा असला तरी चंद्रपूरकडचा पैसा पाहून आहे. या उतरंडीत मीठ अगदी तळाला. मिठाखाली फक्त भंगार येतं, आणि जास्त दिवस मीठ वाहिलं की गाडीही त्याच यादीत जाते.

त्यात ठेका मिळाला तोही उलट्या लिलावात. सुलट्या लिलावात लोक बोली वाढवत नेतात आणि शेवटी हातोडा पडतो. उलट्या लिलावात लोक आपापल्या घरी संगणकापुढे बसून बोली कमी करत नेतात आणि हातोडा जिंकणाऱ्याच्याच डोक्यात पडतो. टनामागं दहा रुपये कमी, पाच कमी, दोन कमी. भाऊंचा भाचा माउस धरून बसला होता, भाऊ मागं उभे राहून रक्तदाबाची गोळी शोधत होते. वेळ संपायला काही सेकंद उरले असताना भाच्यानं आणखी एक रुपया कमी केला आणि भाऊ 'एल-वन' झाले. ज्यानं सगळ्यांत कमी भाव भरला तो एल-वन. बाकीचे सगळे त्याला फोन करून अभिनंदन करतात आणि मग स्वतःच्या घरी पेढे वाटतात, सुटलो म्हणून.

पानठेल्यावर दुसऱ्या दिवशी हिशेब सुरू झाला. गणिताचे एक निवृत्त गुरुजी तिथं रोज सकाळी पेपर वाचायला येतात. त्यांनी पेपरच्या कोऱ्या कडेवर आकडे मांडले. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणसानं दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. आपण भारतीय माणसं साधारण त्याच्या दुप्पट खातो, कारण संघटनेनं तर्रीपोहे खाल्लेले नाहीत. दहा ग्रॅम धरले तर माणशी वर्षाला साडेतीन-पावणेचार किलो. एका मोठ्या गाडीत पंचवीस टन मीठ बसतं. पंचवीस हजार किलो भागिले साडेतीन-पावणेचार, म्हणजे जवळजवळ सात हजार माणसांचं वर्षभराचं मीठ एका गाडीत.

"म्हणजे आपल्या गावाले वर्सातून एक-दोन फेऱ्या झाल्या का खतम?"

"खतम."

"मंग भाऊ बाकीचे दिवस करन काय?"

यावर गुरुजींनी पेपरची दुसरी कडा घेतली. मीठ फक्त खायला लागतं ही स्वयंपाकघरातून जगाकडे पाहणाऱ्यांची समजूत आहे. देशात वर्षाला तीन कोटी टनांच्या आसपास मीठ पिकतं, आणि त्यातलं आपल्या ताटात येतं त्यापेक्षा जास्त दुसरीकडे जातं. कॉस्टिक सोडा मिठापासून, सोडा ॲश मिठापासून. कातडं टिकवायला मीठ, बॉयलरचं पाणी मऊ करायच्या यंत्राला मीठ. सुती कापड रंगवायचं तर रंग धाग्यात बसावा म्हणून कढईत पोत्यांनी मीठ ओतावं लागतं. म्हणजे पऱ्हाटी वर्ध्याची, सरकी काढून रुई हिंगणघाटची, मीठ कच्छचं, आणि शर्ट घालून मिरवणारा पुण्याचा. भाऊंचा ठेका असल्याच कारखान्यांचा आणि घाऊक व्यापाऱ्यांचा होता. गावाच्या आमटीशी त्याचा संबंध चवीपुरताच होता.

हे कळल्यावर गावाला थोडं वाईट वाटलं. आपल्या गावचा माणूस मीठ आणणार आणि आपल्याला ते किराणा दुकानातून छापील किमतीत घ्यावं लागणार. एकानं तर भाऊंना विचारलंच, "भाऊ, आता गावात मीठ सस्तं होईन का?" भाऊंनी त्याला जे उत्तर दिलं ते अर्थशास्त्राच्या पुस्तकात घालण्यासारखं आहे. ते म्हणाले, "मीठ सस्तंच हाय. महाग हाय ते आणनं."

खरंच आहे. कच्छच्या रणात आगराच्या बांधावर किलोभर मिठाला पाव कप चहाइतकाही भाव मिळत नाही. तेच मीठ धुऊन, दळून, आयोडीन लावून, पिशवीत भरून हजार-बाराशे किलोमीटर लांब आलं की पंचवीस-तीस रुपये. म्हणजे आपण मीठ खातो ते चिमूटभर. बाकी खातो ते भाडं, पिशवी आणि पिशवीवरची जाहिरात. आगरात उन्हानं पाय भाजून घेणाऱ्या माणसाचं नाव त्या पिशवीवर कुठंच नसतं, ट्रकवाल्याचंही नसतं. एमआरपी मात्र ठळक असते.

मीठ इतक्या लांबून आणायचा हा उद्योग आजचा नाही. रेल्वे येण्याआधी वऱ्हाड-नागपुरात समुद्राचं मीठ आलं ते बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर. हजारो बैलांचे तांडे कोकणातून घाट चढून यायचे, येताना मीठ, जाताना कापूस. बंजाऱ्यांच्या नायकांना मोगलांच्या काळात मिळालेल्या एका वाहतूक कराराची आख्यायिका प्रसिद्ध आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांताच्या जातीजमातींवर जो ग्रंथ काढला त्यात ती नोंदलेली आहे. शहाजहानच्या फौजेबरोबर आसफखान दख्खनेत उतरला, त्याच्या फौजेला धान्य पुरवायचं काम दोन नायकांकडे होतं, आणि त्यांना म्हणे ताम्रपट मिळाला. अटी अशा: वाटेत कोणाच्याही रांजणातलं पाणी घ्यावं, कोणाच्याही छपराचं गवत बैलांना घालावं, आणि दिवसाला तीन खून माफ.

हे मी भाऊंना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटची अट पुन्हा वाचायला सांगितली.

"दिवसाले तीन?"

"तीन."

"टोलनाक्यावरचे धरून?"

भाऊंचा करार जाडजूड आहे. प्रत्येक पानावर खाली सही आहे आणि प्रत्येक कलमात 'वाहतूकदार जबाबदार राहील' हे शब्द आहेत. पावसानं भिजलं तर वाहतूकदार, वजन घटलं तर वाहतूकदार, गाडी उशिरा पोचली तर वाहतूकदार, लवकर पोचली आणि गोदाम बंद असलं तर तोही वाहतूकदारच. डिझेलचा भाव वाढला तर भाडं वाढेल असं एक कलम आहे; ते कसं वाढेल याचं सूत्र इतकं अवघड आहे की गुरुजींनीही पेपरची कडा सोडून दिली. माफ काय आहे, असं मी विचारलं. भाऊंनी पानं उलटली. गोदामासमोर गाडी चोवीस तास खाली न होता उभी राहिली तर त्याचा आकार लागणार नाही. म्हणजे माफी आहे, पण ती ट्रान्सपोर्टवाल्यानं करायची आहे. छपराच्या गवताचं तर नावच नको. ड्रायव्हरनं हायवेवर गाडी बाजूला लावून दोन तास डोळा लावायचा म्हटलं तर आधी डिझेलच्या टाकीचं कुलूप तपासावं लागतं.

मिठाची वाहतूक करणाऱ्याला सरकार नेहमीच संशयानं पाहत आलं आहे. इंग्रजांनी तर मीठ चोरून इकडून तिकडे जाऊ नये म्हणून देशाच्या पोटावर आडवी काटेरी कुंपणाची रेघ मारली होती. सिंधूपासून महानदीपर्यंत तेवीसशे मैलांची जकातरेषा, त्यातला बराच भाग जिवंत झाडाझुडपांचा, बाभूळ, बोर, निवडुंगाचा. हे कुंपण खाली बऱ्हाणपुरापर्यंत येत होतं. त्यावर बारा हजार माणसांचा पहारा. मिठाच्या गोणीनं ओलांडू नये म्हणून एवढी झाडं लावणारं सरकार दुसरं झालं नसेल. आज वृक्षारोपणाच्या योजनांना जे जमत नाही ते मिठाच्या कराला जमलं होतं, कारण रोप जगलं नाही तर महसूल बुडत होता. १८७९ साली ही रेषा मोडली. गंमत अशी की १८६७ ते १८७० या काळात या कुंपणाचा कारभार ज्या साहेबाकडे होता आणि ज्यानं ते मनापासून वाढवलं, त्याचं नाव ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हाच साहेब पुढं १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेता झाला. ज्यानं मिठाला कुंपण घातलं, त्याच्याच संस्थेनं पंचेचाळीस वर्षांनी मीठ मोकळं करायला माणसं रस्त्यावर आणली. निवडुंग लावून त्याला असं फळ येईल हे साहेबाच्या स्वप्नातही नसेल.

१८६७ साली मुंबईहून रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली आणि बैलांचा ठेका संपला. कोणी नोटीस दिली नाही, मुदतपूर्व करार रद्द केल्याचं पत्र आलं नाही. इंजिनानं शिटी मारली आणि हजारो बैल बेकार झाले. भाऊ ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवून आहेत, कारण जवळच सिंदीला ड्राय पोर्ट होत आहे. समुद्र नसलेल्या जिल्ह्यात बंदर. पानठेल्यावर त्याचीही चर्चा झाली. "बंदर येऊन ऱ्हायलं, तं मंग समुद्रही येईनच मागून," असा आशावाद एकानं व्यक्त केला.

भाऊंची पहिली गाडी कच्छहून निघाली ती सुरत, धुळे, भुसावळ, अकोला करत आली. यात अकोल्याच्या आसपास पूर्णेच्या खोऱ्यातून रस्ता येतो. तो सगळा खारपाणपट्टा. तिथं विहिरीचं पाणी इतकं खारं की पिण्याच्या गोड्या पाण्यासाठी लोकांच्या दोन-तीन पिढ्या सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत आल्या. आणि त्याच भागातून एक गाडी पंचवीस टन मीठ घेऊन पुढं जाते. ड्रायव्हरनं ढाब्यावर पाणी तोंडाला लावलं आणि मालकाला विचारलं, "इथूनच भरून नेलं तं नाही चालनार का?" ड्रायव्हर विनोद करत होता, पण पूर्वी त्या खोऱ्यातल्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून खरंच मीठ काढत. १९३० साली समुद्र नसलेल्या विदर्भानं मिठाचा कायदा मोडायचा कसा हा प्रश्न आला, तेव्हा अकोल्याजवळच्या दहीहंड्याला खाऱ्या विहिरीचं पाणी उकळून मिठाचा सत्याग्रह झाला. बाकी ठिकाणी तेवढीही सोय नव्हती. म्हणून लोकनायक बापूजी अणे यांनी त्याच वर्षी जुलैत पुसदला जंगलातलं गवत कापून जंगलाचा कायदा मोडला. मीठ नाही तर गवत. सत्याग्रहालासुद्धा स्थानिक कच्चा माल पाहावा लागतो.

वाटेत हवेचं एक प्रकरण झालं. मीठ मोठं लबाड. हवेत दमटपणा पाऊणशे टक्क्यांच्या वर गेला की ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोरड्या हवेत आलं की सोडून देतं. म्हणून किनाऱ्याकडे भरताना ते जड असतं. विदर्भात मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत उतरवताना हलकं होतं. भाऊंची ताडपत्री चांगली दुहेरी होती, बाळंतिणीला गुंडाळावं तशी गाडी गुंडाळली होती. तरी इकडच्या काट्यावर वजन थोडं कमी भरलं. गोदामाचा मुनीम म्हणाला, माल कमी आहे. ड्रायव्हर म्हणाला, हात लावला नाही. मुनीम म्हणाला, मग गेलं कुठं? ड्रायव्हरनं आकाशाकडे बोट दाखवलं. मुनिमानं आकाशाकडे पाहिलं, कराराकडे पाहिलं. करारात आकाश जबाबदार नव्हतं. वाहतूकदार होता.

खालच्या बाजूला दुसरंच चाललेलं असतं. मीठ लोखंड खातं. पोत्यातून गळलेली चिमूटभर पूड फळीच्या फटीतून चेसीवर बसते, पहिल्या पावसात ओली होते आणि गाडीचा हिशेब सुरू करते. म्हणून मीठ खाली केलं की गाडी धुवायची, वाळवायची, मगच परतीचा माल भरायचा. परतीचं भाडं नसेल तर ट्रकवाला जगत नाही. आणि वर्ध्याहून गुजरातकडे परतीचा माल कोणता? कापसाच्या गाठी. म्हणजे बैल गेले, बारा चाकांची गाडी आली, तांड्याच्या नायकाऐवजी एल-वन आला. पण येताना मीठ आणि जाताना कापूस हा धंदा आहे तिथंच आहे. फरक एवढाच की बैल धुवावा लागत नव्हता आणि गंजत नव्हता.

दरम्यान गाडी वर्धा जिल्ह्यात शिरली. हा दारूबंदीचा जिल्हा. गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून सत्तरच्या दशकापासून इथं दारू बंद आहे. त्यामुळे जिल्ह्यात काय येत नाही हे पाहायला नाक्यावर माणसं असतात. संवाद नेहमी असाच होतो.

"काय हाय?"

"मीठ."

"बरं. मिठाखाली काय हाय?"

"मीठ."

"आन् त्याच्या खाली?"

"फळी, साहेब. मंग चेसी. मंग रस्ता."

पंचवीस टन नुसतं मीठ कोणी आणत असेल यावर कोणाचाच विश्वास बसत नाही. बरोबर काहीतरी असणारच. मीठ एकटं कोणी खातं का? दोन पोती उघडून पाहिली जातात, एक साहेब बोटाला लावून चव घेतो, तोंड वाकडं करतो आणि गाडी सुटते. दुधात पाणी निघालं तर लोक चिडतात. मिठात मीठच निघालं म्हणून चिडणारे लोक नाक्यावरच भेटतात.

गाडीच्या समोर बंपरला लिंबू-मिरची बांधलेली असते. मागं काळी बाहुली. घरात पोराला नजर लागली तर आई मीठ-मोहरी ओवाळून टाकते. चिमूटभर मिठात पोराची नजर उतरते. इथं पंचवीस टन मीठ मागं भरलेलं आहे. आख्ख्या तालुक्याची नजर उतरेल, तरी ड्रायव्हर दर शनिवारी नवं लिंबू बांधतो. मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सर, मागचा माल पार्टीचा हाय. आपल्या नजरेले आपलंच लिंबू लागते." मालाच्या जबाबदारीचं कलम इतकं नीट कोणत्याही वकिलाला समजलेलं नाही.

आणखी एक अडचण दिवेलागणीची. तिन्हीसांजेला मीठ घराबाहेर देऊ नये, लक्ष्मी जाते, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत. भाऊंच्या गाडीतून संध्याकाळी मीठ उतरवायला गोदामवाल्याची काहीच हरकत नसते. मीठ आत येत असतं, लक्ष्मी आत येत असते. हरकत येते ती भाड्याच्या वेळी. "आता दिवे लागले भाऊ. या वेळेला पैसा बाहेर जात नाही. उद्या या." उद्या म्हणजे करारानुसार साठ दिवसांनंतर. ते साठ दिवसही संध्याकाळीच संपतात.

ठेका मिळाल्याबद्दल भाऊंचा गावात छोटेखानी सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि भाषणं. पवनारला भाषण करायचं आणि गांधी-विनोबांचं नाव घ्यायचं नाही असं होत नाही, आणि या वेळी विषयही सोयीचा होता. एका वक्त्यानं भाऊंचा संबंध थेट दांडीयात्रेशी जोडला. लोक हसले, पण मी घरी येऊन विचार केला तेव्हा वाटलं, वक्ता चुकून बरोबर बोलला.

गांधीजींचं मिठाशी नातं पहिल्यापासून विचित्र. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांच्या आजारपणात त्यांनी मीठ आणि डाळ सोडायचा सल्ला दिला. कस्तुरबा म्हणाल्या, तुम्हाला कोणी सांगितलं तर तुम्हालाही सोडता येणार नाही. झालं. गांधीजींनी तिथल्या तिथं वर्षभरासाठी दोन्ही सोडलं. बायकोनं एक टोमणा मारला आणि नवऱ्यानं मीठच टाकलं, असे नवरे फार नसतात. पुढं १२ मार्च १९३० ला हाच अळणी खाणारा माणूस अठ्ठ्याहत्तर सहकाऱ्यांना घेऊन साबरमतीहून निघाला आणि चोवीस दिवसांत दांडीला पोचला. मीठ माणसांकडे आणायचं सोडून माणसांनीच मिठाकडे चालत जायचं, ही मिठाच्या वाहतुकीची सगळ्यांत स्वस्त पद्धत. त्यात भाडं पडत नाही. ती चिमूट सरकारला मात्र फार महाग पडली. वर्ध्याचे जमनालाल बजाज त्या दिवसांत मीठ करायला विलेपार्ल्याला गेले आणि तिथल्या छावणीतून तुरुंगात गेले. वर्ध्याच्या माणसाला मिठासाठी मुंबई गाठावी लागते ही आपली जुनीच रीत.

आता पुढचं पाहा. दांडीला निघताना गांधीजींनी शब्द दिला होता, स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परत येणार नाही. शब्द दिला तो पाळला. मग जायचं कुठं? जमनालालजींनी वर्ध्याला बोलावलं. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले. म्हणजे मिठासाठी निघालेला माणूस फिरत फिरत समुद्र नसलेल्या आमच्या जिल्ह्यात येऊन उतरला. मीठ वाहून आणणारे ठेकेदार पुष्कळ झाले. मिठानं माणूस वाहून आणल्याचा प्रकार इकडे एकदाच झाला, आणि त्या फेरीचं भाडं अजून कोणी मागितलेलं नाही.

विनोबा पवनारला आले ते १९३८ साली, जमनालालजींच्या धामेकाठच्या बंगल्यात. तब्येत ढासळलेली, वजन अठ्ठ्याऐंशी पौंड. चाळीस किलो! मिठाच्या एका पोत्यापेक्षा कमी. पवनारला आलेल्या मालात इतका हलका माल क्वचितच आला असेल, आणि उतरवल्यावर इतका जड ठरलेला तर नाहीच. ते रोज कुदळ घेऊन खणायला लागले, वजन वाढलं, जमिनीतून वाकाटकांच्या काळातल्या मूर्ती निघाल्या. १९४० च्या ऑक्टोबरात पहिला वैयक्तिक सत्याग्रही म्हणून पहिलं भाषण त्यांनी इथंच दिलं. पुढं भूदानात त्यांनी चाळीस लाख एकरांहून जास्त जमीन दान म्हणून मिळवली, तीही पायी फिरून, एकही ट्रक न लावता. भाऊ या आकड्याकडे व्यावसायिक नजरेनं पाहतात. "एवढी माती लोडिंग-अनलोडिंग न करता हलवली म्हणजे कमाल हाय," असं त्यांचं मत आहे.

स्वराज्य आलं तसा मिठाचा करही गेला, १९४७ सालीच. आज जीएसटीत मिठावर शून्य टक्के. एवढंच काय, ट्रान्सपोर्ट कंपनीनं मीठ वाहिलं तर त्या भाड्यावरही जीएसटी माफ आहे. त्याच यादीत दूध आहे, धान्य आहे, सेंद्रिय खत आहे आणि वर्तमानपत्रंही आहेत. मिठाच्या गाडीत वर्तमानपत्रं टाकली तरी सरकार काही म्हणणार नाही. बातम्यांना मीठ-मिरची लावायचं काम मात्र वाटेत करू नये, सुक्या मिरचीवर कर आहे.

गावानं भाऊंच्या ठेक्याबद्दल पंधरा-वीस दिवस बोलून घेतलं. नंतर सगळे सोयाबीनच्या भावाकडे वळले. भाऊंना याचं वाईट वाटलं. पवनचक्कीचं पातं नेणाऱ्याबद्दल लोक दोन वर्षांनीही बोलतात. पण मी त्यांना २०१६ ची आठवण दिली. नोटाबंदी होऊन तीन दिवस झाले होते आणि देशात अफवा उठली की मीठ संपलं. दिल्लीपासून मुंबईपर्यंत लोक रात्री दुकानांसमोर रांगा लावून उभे राहिले. शे-दोनशे रुपये किलोनं, कुठंकुठं त्याहूनही जास्त भावानं मीठ विकलं गेलं. तेव्हा सगळा देश मिठाबद्दल बोलत होता. मीठ कुठूनच संपलेलं नव्हतं. फक्त उद्याची गाडी येईल यावरचा विश्वास एका रात्रीपुरता संपला होता.

"म्हणजे भाऊ," मी म्हटलं, "लोक मिठाबद्दल बोलायले लागले का समजायचं, कोठीतरी गाडी अडली."

भाऊंनी विचार केला. ताटात सगळ्यांत आधी मीठ वाढतात आणि ते बरोबर पडलं तर जेवताना कोणी त्याचं नाव काढत नाही. तीन वर्षं गावातल्या एकाही माणसानं मिठाचं नाव काढायचं नाही, म्हणजे ठेका नीट पार पडला. पवनारात एखाद्या विषयावर तीन वर्षं कोणी बोलू नये! भाऊंनी कराराची पानं पुन्हा उलटली. एवढी अवघड अट त्यात कुठंच लिहिलेली नव्हती, आणि तरी तिचीही जबाबदारी वाहतूकदाराचीच होती.